एक मतदार, दोन कौल : गोवा १९६७

द्विपक्षीय राजकारणाची चर्चा निघाली की इंग्लंड-अमेरिकेचे दाखले देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मराठी वाचकाला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकात गोव्याचे राजकारण दोन पक्षांतच विभागलेले होते, आणि मतदार निर्णय कसा घेतो याचा दुर्मीळ पुरावा त्या काळाने मागे ठेवला आहे.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ आणि त्याच्या पाठिंब्यावरील प्रजासमाजवाद्यांना २ जागा मिळाल्या, डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. केंद्रात सत्तेवर असलेल्या काँग्रेसच्या हाती गोव्यातली एकही जागा लागली नाही. मगो पक्षाला महाराष्ट्रात विलीनीकरण हवे होते, प्रतिपक्षाला गोव्याचे वेगळे अस्तित्व. तेव्हा हा निकाल म्हणजे विलीनीकरणाचाच कौल, असा अर्थ लावला गेला.

पुढे संसदेने कायदा करून तेवढा एकच प्रश्न मतदारांपुढे ठेवला. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. लगेच मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पक्ष १६ जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला.

या विसंगतीचा थोडा भाग गणिताचा आहे. जनमत कौलात साऱ्या मतांची एकच बेरीज होते. विधानसभेत प्रत्येक मतदारसंघ निराळा मोजला जातो. पण एवढ्याने उलगडा होत नाही. ख्रिस्ती मतदार अल्पसंख्य होते. त्यांची सारी मते दोन पानांना गेली असे धरले तरी ५४ टक्क्यांचा आकडा भरत नाही. म्हणजे हिंदू मतदारांतील मोठ्या गटाने विलीनीकरण नाकारले, आणि तरीही युनायटेड गोवन्सला सत्ता मिळाली नाही.

आमच्या मते याचे कारण असे, की दोनच पक्ष असतात तेव्हा प्रत्येक पक्ष अनेक प्रश्नांचे गाठोडे असतो. कुळाला आणि मुंडकाराला मगोच्या चिन्हात विलीनीकरणाआधी भाटकाराच्या जाचातून सुटका दिसत होती. १९६४ चा कूळ कायदा आणि गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळा दिसत होत्या. हे सारे हवे, पण गोवा वेगळा राहावा, असे म्हणण्याची सोय १९६३ च्या मतपत्रिकेत नव्हती. जानेवारी १९६७ मध्ये गाठोड्यातला एक प्रश्न सुटा झाला आणि त्याला सुटे उत्तर मिळाले.

भाषेच्या बाबतीतही असेच घडले. मराठीचा अभिमान म्हणजे विलीनीकरण, हे समीकरण मगोच्या प्रचारात गृहीत होते. परंतु विलीनीकरणाविरुद्धचा एक प्रभावी युक्तिवाद ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातच, उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ सदरातून, मराठीत मांडला जात होता.

बांदोडकर १९७३ साली निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. गोवा मात्र महाराष्ट्रात गेला नाही, १९८७ साली तो स्वतंत्र राज्य झाला. विजयी पक्षाच्या जाहीरनाम्यातील प्रत्येक ओळीला मतदाराची संमती आहे, असे पुढाऱ्यांबरोबर आपण अभ्यासकही सहज मानतो. तसे मानण्यापूर्वी १९६७ चे हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.