सुपर कप (भारतीय फुटबॉल)

सुपर कप ही अखिल भारतीय फुटबॉल महासंघातर्फे व्यावसायिक क्लबांसाठी भरवली जाणारी राष्ट्रीय चषक स्पर्धा असून तिचा प्रारंभ २०१८ मध्ये झाला. अन्य देशांत सुपर कप या नावाने बहुधा एकच सामना ओळखला जातो. सरत्या हंगामातील साखळी स्पर्धेचा, म्हणजे लीगचा, विजेता आणि बाद पद्धतीच्या चषकाचा विजेता हे दोन संघ त्यात समोरासमोर येतात. इंग्लंडमध्ये १९०८ साली सुरू झालेली व आज कम्युनिटी शील्ड म्हणून खेळली जाणारी लढत याच प्रकारातील आहे. स्पेनने मात्र २०२० पासून आपल्या सुपर कपात दोनऐवजी चार संघ घेतले. भारतीय सुपर कपात सोळाच्या आसपास संघ उतरतात आणि ती काही आठवडे चालते. त्यामुळे ती नावाने सुपर कप असली, तरी स्वरूपाने देशाचा राष्ट्रीय चषक आहे आणि तिचे मूल्यमापनही त्याच नात्याने व्हावयास हवे.

एका सामन्याचा सुपर कप भारतातही होऊन गेला आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाल्यावर, लीगविजेता आणि फेडरेशन चषकाचा विजेता यांच्यातील असा सामना १९९७ ते २०११ या काळात अधूनमधून खेळवला गेला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००३ मध्ये तो जिंकला. पुढे २०१० मध्ये हा संघच बंद करण्यात आला, आणि महाराष्ट्रातील कंपनी-संघांच्या परंपरेतील एक मोठे नाव त्याबरोबर लोपले. राष्ट्रीय चषकाची जागा त्या काळात फेडरेशन चषकाकडे होती. १९७७ मध्ये एर्नाकुलम येथे झालेल्या त्याच्या पहिल्या स्पर्धेत बंगळूरच्या आयटीआय संघाने मोहन बागानला हरवले होते, तर २०१७ मध्ये कटक येथे बंगळूर एफसीने त्याच मोहन बागानला नमवून अखेरचा फेडरेशन चषक जिंकला. सुपर कप हा वस्तुतः या चषकाचा वारस होय.

वारसा पुढे नेण्यामागे एक तातडीचे कारणही होते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाल्यापासून देशात दोन लीग शेजारी-शेजारी चालत होत्या, आणि आयएसएलमधील नवे क्लब व राष्ट्रीय फुटबॉल लीगची वारस असलेल्या आय-लीगमधील जुने क्लब एकमेकांशी खेळतील अशी सामाईक स्पर्धा आवश्यक झाली होती. म्हणून २०१८ मध्ये दोन्ही लीगमधील पहिल्या सहा संघांना मुख्य फेरीत थेट प्रवेश देण्यात आला, उरलेल्यांनी पात्रता सामने खेळले, आणि सोळा संघांची बाद फेरी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाली. अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने आधी गोल केला. त्याला उत्तर दिले बंगळूरकडून खेळणाऱ्या मुंबईच्या राहुल भेकेने, आणि मग सुनील छेत्रीच्या दोन गोलांसह बंगळूरने ४-१ असा विजय मिळवला. दुसऱ्याच वर्षी आय-लीगच्या अनेक क्लबांनी, आपल्या भवितव्याबाबत महासंघाकडून स्पष्टता मिळत नसल्याच्या निषेधार्थ, स्पर्धेतून माघार घेतली. ज्या दुराव्यावर ही स्पर्धा उपाय म्हणून योजली होती, त्याचाच फटका तिला इतक्या लवकर बसावा, हे भारतीय फुटबॉलच्या कारभाराचे दुर्दैव म्हटले पाहिजे.

कोविड साथीच्या काळात खंडित झालेली स्पर्धा २०२३ मध्ये केरळात परतली, तेव्हा ओडिशा एफसीने बंगळूरला २-१ असे हरवले. पुढील वर्षी भुवनेश्वरमध्ये ईस्ट बंगालने जादा वेळेत ओडिशाचा ३-२ असा पराभव केला. स्पर्धेचे सर्वांत मोठे दुखणे असे की वेळापत्रकात तिला पक्की जागा नाही. ती कधी एप्रिलमध्ये हंगामाच्या शेवटी, कधी जानेवारीत लीग थांबवून, तर कधी ऑक्टोबरात हंगामाच्या आरंभी झाली, आणि तिची पद्धतही थेट बाद फेरी व गटसाखळी यांच्यात हेलकावत राहिली. तिला वजन आले ते आशियाई प्रवेशामुळे : विजेत्याला आशियाई क्लब स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळण्याची संधी मिळते, आणि सध्या ती एएफसी चॅम्पियन्स लीग टू या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेसाठी असते.

या संधीचे सोने केले ते गोव्याने. २०१९ मध्ये चेन्नईयिनला २-१ असे हरवून आपला पहिला सुपर कप जिंकणाऱ्या एफसी गोवाने मे २०२५ मध्ये जमशेदपूरवर ३-० अशी मात केली, ऑगस्टमध्ये फातोर्डा येथे ओमानच्या अल सीबला नमवून आशियाई गटसाखळी गाठली, आणि ऑक्टोबरात त्याच मैदानावर सौदी अरेबियाच्या अल नस्रसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध, ब्रिसन फर्नांडिसच्या गोलासह, केवळ २-१ अशी हार पत्करली. व्यापारी हक्कांच्या करारावरून आयएसएलचा हंगाम अडून पडलेला असताना पुढची स्पर्धा २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात गोव्यातच झाली. चार गटांतील केवळ अव्वल संघच उपांत्य फेरीत जाणार असल्याने प्रत्येक गोलाला किंमत होती. स्थानिक धेंपो क्लबने, पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकूनही वरच्या श्रेणीबाहेर राहिलेल्या या संघाने, ईस्ट बंगालला २-२ असे आणि मोहन बागानला गोलशून्य बरोबरीत रोखले. कोलकात्याचे हे दोन प्रतिस्पर्धी आपसातही गोलशून्य बरोबरीत राहिले, आणि एकही सामना न हरता मोहन बागान गोलफरकावर बाहेर पडला. अंतिम सामन्यात जादा वेळेनंतरही गोल न झाल्याने पेनल्टी शूटआउट घ्यावे लागले. ते ६-५ असे जिंकून एफसी गोवाने तिसऱ्यांदा चषक पटकावला.

महाराष्ट्राचा वाटा त्यामानाने तोकडा आहे. १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू करणाऱ्या मुंबईचा मुंबई सिटी हा संघ २०२४ मध्ये आणि २०२५ मधील दोन्ही स्पर्धांत उपांत्य फेरीतच अडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. विदर्भातील एकही क्लब येथवर पोहोचलेला नाही, आणि त्यामागे साधे गणित आहे : भंडारा जिल्ह्यातील चिखल्यासारख्या मँगनीज खाणीच्या गावात किंवा नागपुरात उभा राहणाऱ्या क्लबाला आधी राज्यस्तर, मग आय-लीगची तिसरी व दुसरी श्रेणी आणि शेवटी खुद्द आय-लीग अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्यानंतरही सुपर कपात आय-लीगच्या वाट्याला येणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक मिळवावी लागते.