मालडब्यातून आलेला कॉम्प्युटर

लॅमिंग्टन रोडजवळच्या ग्रँट रोड स्टेशनला विरार फास्ट थांबत नाही. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या अखेरीस नालासोपाऱ्यातल्या तुळिंजहून कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस मुंबई सेंट्रलला उतरायचा आणि लॅमिंग्टन रोड पायी गाठायचा. खरी कसोटी परतीची. पंधरा इंची जुन्या पद्धतीचा मॉनिटर दहा-बारा किलोंचा. संध्याकाळच्या गर्दीत तो डब्यात शिरणार कसा? मग खोकी मालडब्यात चढायची. कोळणींच्या रिकाम्या पाट्यांशेजारी, खोक्यावरचा हात न काढता, नालासोपाऱ्यापर्यंतचा प्रवास व्हायचा.

या खोक्यांवर बहुधा एकाच कंपनीचं नाव नसे. आत निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग असत आणि जोडून झालेल्या यंत्राला सगळे ‘असेंबल्ड’ म्हणत. ही सोय मुळात अमेरिकेतल्या एका निर्णयातून आली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तो इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि बाजारात मिळणारे भाग वापरून. घाई होती, म्हणून सगळं स्वतः बनवत बसायला वेळ नव्हता. वर्ष-दोन वर्षांत कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी त्याच्याशी जुळणारी यंत्रं काढली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं, आणि कोणताही बोर्ड कोणत्याही कॅबिनेटमध्ये बसवणं आणखी सोपं झालं.

भारतात आयबीएमने १९७८ मध्येच गाशा गुंडाळला होता. ती जागा एचसीएल, विप्रो आणि मुंबईच्या झेनिथसारख्या देशी कंपन्यांनी भरली. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल केली, पुढच्या दशकात शुल्कं उतरत गेली आणि सुट्या भागांचा ओघ लॅमिंग्टन रोडला लागला. हा रस्ता अशा मालाला नवखा नव्हता. मिनर्व्हा टॉकीजचा हा परिसर आधीपासून रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि टीव्हीच्या स्पेअर पार्ट्सचा. डाग देणारे हात तिथे तयारच होते.

व्यवहाराचं मूळ म्हणजे कोटेशनचा कागद. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस या वीजपुरवठ्याच्या डब्यासकट कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस: एकेक ओळ, पुढे एकेक आकडा. तोच कागद घेऊन गिऱ्हाईक चार दुकानं फिरायचं. बजेट पुढे गेलं की हार्ड डिस्क लहान व्हायची, स्पीकर खोडले जायचे, सीडी ड्राइव्ह पुढच्या बोनसवर ढकलला जायचा. कंपनीच्या पीसीत ही काटछाट करता येत नसे. पगारातून घराचे हप्ते भरणाऱ्या, चाळीतून नुकत्याच तुळिंजच्या चार मजली इमारतीत आलेल्या कुटुंबाला हे यंत्र परवडलं ते या खोडाखोडीमुळे. घराला ग्रिल पुढच्या वर्षी, टाइल्स त्याच्या पुढच्या वर्षी. कॉम्प्युटरही तसाच वाढत गेला.

कागदावर आणखी एक ओळ मुंबईपेक्षा इथे जास्त मोलाची होती: यूपीएस. तुळिंजची वीज राज्य मंडळाची, पुढे महावितरणची. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मुंबई शहरात दिवे चालू असत आणि इथे ठरलेल्या वेळी अंधार होई. यूपीएसच्या बॅटरीवर मिळायची ती पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन बंद करायचं.

या धंद्याला काळी बाजूही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. कच्चं बिल, विनापरवाना विंडोज, दुकान बदललं की हवेत विरणारी वॉरंटी. ज्याच्या ओळखीत दुरुस्ती जाणणारा हाताचा माणूस नव्हता, त्याने कंपनीचा पीसी घेतला तर तो शहाणपणाच होता. पण हाताचा माणूस असणं हीच तर इथली कमाई होती. भावाच्या मित्राने कॅबिनेट उघडलेलं पाहत पोरं शिकली: रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवायचा, पुन्हा ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबायची. कितीतरी बंद यंत्रं एवढ्यावर सुरू झाली, आणि त्या पोरांतल्या काहींचं पुढे तेच पोट भरण्याचं काम झालं.

मराठीलाही या उघड्या डब्याचा उपयोग झाला. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मदरबोर्डच्या मोकळ्या खाचेत बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची.

लॅपटॉप आले आणि सुटे भाग एकाच पाटीवर पक्के डाग दिलेले येऊ लागले. असेंबल्ड मात्र गेला नाही. आता तो व्हिडिओ एडिटिंग करणारे आणि गेम खेळणारे तरुण बांधतात, कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर येतं.

सुट्या भागांची सोय पाण्यातही कामी येते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं, विरारची लोकल बंद पडली आणि सखल तळमजले बुडाले. अशा पाण्यात सापडलेलं कॅबिनेट कारागीर लगेच चालू करत नाही. प्रत्येक भाग सुटा करतो, स्वच्छ करतो, पूर्ण वाळवतो, मग एकेक जोडून तपासतो. प्रोसेसर आणि रॅम वाचली, तर नव्या कागदावर दोनच ओळी येतात: मदरबोर्ड आणि एसएमपीएस.