पाऊस खरोखरच कमी झाला होता का? एका शतकापूर्वीचा हिशेब

१८९९ साली हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख जॉन एलियट यांनी यंदा पाऊस सरासरीहून अधिक होईल, असे भाकीत केले. प्रत्यक्षात तो पावसाळा १८७१पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरड्या दोन पावसाळ्यांपैकी एक ठरला. दुसरा १८७७चा. गुजरात-राजपुतान्यात या दुष्काळाला विक्रम संवत १९५६वरून ‘छप्पनिया’ हे नाव पडले.

संकट एका वर्षाने संपले नाही. १९०१ला पाऊस पुन्हा तुटला, मग १९०४ला आणि लगेच १९०५लाही. सात वर्षांत चार अवर्षणे. त्याआधी १८९६-९७चा दुष्काळ आणि मुंबई इलाख्यात शिरलेला प्लेग. अशा वेळी माणसांच्या मनात जो प्रश्न उभा राहायचा तोच राहिला: या देशाचे हवामान कायमचे बदलले तर नाही?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतून शोधण्याचा जो प्रयत्न १९१०मध्ये झाला, त्याची ही कथा. तेव्हा मांडलेला हिशेब आजही पुरता मिटलेला नाही.

प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हता. मुंबई इलाख्यात जमिनीचा सारा तीस-तीस वर्षांसाठी ठरवला जाई. पाऊसच कायमचा घटला असेल, तर त्या आकारणीचा पायाच खचतो. दुसरीकडे रमेशचंद्र दत्त यांनी १९००मध्ये लॉर्ड कर्झन यांना खुली पत्रे लिहून, दुष्काळाचे मूळ आभाळात नसून जड साऱ्यात आहे, असा युक्तिवाद केला. जंगलतोडीमुळे पाऊस घटतो, हा समज तर अधिकाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वत्र होता. प्रत्येकाकडे कारण तयार होते. मुळात पाऊस घटला आहे काय, हे मात्र मोजून पाहायला हवे होते.

ते मोजण्याचे काम गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आले. १८८९मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिला आलेला हा माणूस हवामानशास्त्रज्ञ नव्हताच. बूमरँग हवेत वळून परत कसे येते याचा त्याने इतका ध्यास घेतला होता की केंब्रिजात त्याला टोपणनावही तेच पडले. १९०४मध्ये एलियट यांच्या जागी वॉकर आले. एलियट यांच्या फसलेल्या भाकिताचे ओझे वारशात मिळाले, पण एक मोलाची गोष्टही मिळाली: कचेऱ्याकचेऱ्यांतील पर्जन्यमापकांवरून वर्षानुवर्षे उतरवून घेतलेले आकडे. १८७५मध्ये स्थापन झालेल्या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी या नोंदींना शिस्त लावली होती. त्यांच्या काळात रुचीराम सहानी यांच्यासारखा पहिला भारतीय अधिकारी खात्यात आला. पुढची कित्येक वर्षे आकडेमोडीचा मोठा भार भारतीय कारकुनांनीच वाहिला. यंत्र नव्हते. बेरीज, वर्ग, वर्गमूळ, सारे हातानेच.

वॉकर यांनी १८४१पासूनच्या नोंदी हाती घेतल्या. पहिली अडचण तिथेच आली. सुरुवातीच्या दशकांत पर्जन्यमापक मोजकेच होते, पुढे ते वाढत गेले. ओल्या प्रदेशात नवे मापक बसले की देशाची सरासरी आपोआप फुगते, कोरड्या प्रदेशात बसले की घटते. पाऊस बदललेला नसतोच; बदललेली असते ती मोजण्याची जागा. म्हणून प्रत्येक ठिकाणाचा पाऊस त्याच ठिकाणाच्या नेहमीच्या पावसाशी ताडून मग एकत्र करावा लागतो.

दुसरी अडचण अधिक खोल होती. भारताचा मोसमी पाऊस सरासरीने सुमारे ८७ सेंटीमीटर आहे आणि वर्षागणिक तो साधारण दहा टक्क्यांनी वरखाली होतो. दहा वर्षांची सरासरी काढली, तरी निव्वळ योगायोगाने ती तीन टक्के इकडे किंवा तिकडे सरकू शकते. पश्चिम राजस्थानसारख्या कोरड्या मुलखात वर्षाचा चढउतार तीस-चाळीस टक्क्यांचा असतो. तिथे एका दशकाची सरासरी सहज दहा टक्क्यांनी हलते आणि त्या हलण्यामागे कोणतेही कारण असण्याची गरज नसते. अशा गोंगाटात खऱ्या बदलाचा बारीक आवाज ऐकायचा होता.

१९१०मध्ये वॉकर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: कायमच्या हवामानबदलाचा पुरावा सापडत नाही. शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. बदल झालेला नाही, असे ते म्हणत नव्हते. हाती असलेल्या आकड्यांवरून तो झाला असे म्हणता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सात वर्षांत चार अवर्षणे सोसलेल्या माणसाला हे उत्तर कोरडे वाटले असेल. तरी ते प्रामाणिक होते, आणि पुढच्या काळाने ते कसाला लावले.

१९११ला पुन्हा अवर्षण. १९१७ला मात्र विक्रमी म्हणावा असा पाऊस. लागून १९१८ला भीषण तूट, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ. १९२०लाही तूट. म्हणजे १८९९ ते १९२० या बावीस वर्षांत देशव्यापी अवर्षणाची सात वर्षे. नेमक्या याच ठिकाणी कोणी आलेखावर रेघ ओढली असती, तर ती पावसाच्या ऱ्हासाची वाटली असती.

त्यानंतर काय झाले? १९२१ ते १९६४ या चव्वेचाळीस वर्षांत अशी वर्षे फक्त दोन, १९४१ आणि १९५१. पाऊस परतला. कोणी काही केले नव्हते. मग पुन्हा फासा पलटला: १९६५ ते १९८७ या तेवीस वर्षांत दहा अवर्षणे, त्यांतच महाराष्ट्राच्या स्मृतीत कोरलेले १९७२. आणि १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत देशपातळीवर एकही नाही.

पावसाची अशी युगे असतात. माणसाची कमावती वर्षे साधारण एका युगाएवढीच. १९२५मध्ये जन्मलेल्या शेतकऱ्याने चाळिशीपर्यंत भरवशाचा पाऊस पाहिला आणि साठीपर्यंत त्याच पावसाने त्याला वारंवार दगा दिला. ‘पूर्वी असं नव्हतं’ हे त्याचे वाक्य अक्षरशः खरे होते. पण ‘पूर्वी’ म्हणजे त्याच्या आजोबांचा काळ नव्हे. आजोबांनीही असेच दिवस काढले होते.

वॉकर यांचे खरे मोठेपण त्यांच्या पुढच्या कामात दिसते. पावसाचे भाकीत करण्यासाठी त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले: वायुभार, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर. कार्ल पिअर्सन यांनी नुकताच रूढ केलेला सहसंबंध गुणक वापरून प्रत्येक आकडेमालिकेची दुसरीशी सांगड घालून पाहिली. अशा शोधात सापळा असतो. समजा, हजार माणसांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवले. एखाद्याला सलग दहा वेळा छाप मिळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. त्या एकाच माणसाकडे पाहिले तर चमत्कार, हजारांकडे पाहिले तर नेहमीचीच गोष्ट. शेकडो सहसंबंध तपासून त्यांतला सर्वांत ठळक तेवढा उचलला, तर तोही असाच ‘चमत्कार’ असू शकतो. वॉकर यांनी १९१४मध्ये यासाठी कसोटी मांडली: किती जोड्या तपासल्या हे ध्यानात घेऊनच सर्वांत मोठ्या सहसंबंधाची किंमत ठरवावी. बोटभर पुराव्यावर हातभर सिद्धान्त रचणाऱ्यांना ही कसोटी आजही अडचणीची जाते.

या कसोटीतून तावूनसुलाखून जे उरले ते मोठे होते. प्रशांत महासागरावरील वायुभार चढला की हिंदी महासागरावरचा उतरतो आणि उलटही होते, असा एक महाकाय झोका. १९२४मध्ये वॉकर यांनी त्याला ‘दक्षिणी दोलन’ असे नाव दिले. त्यामागची यंत्रणा त्यांना ठाऊक नव्हती. ती १९६९मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी उलगडली: हा झोका आणि पेरूच्या किनाऱ्याजवळ समुद्र तापवणारा एल निनो ही एकाच घटनेची दोन अंगे. १८७७, १८९९, १९७२ या तिन्ही दुष्काळांच्या वेळी प्रशांत महासागर तापलेला होता. कारण माहीत नसताना निव्वळ आकड्यांतून सापडलेली गोष्ट पंचेचाळीस वर्षांनी सिद्ध झाली.

तरीही हे नाते पोलादी नाही. १९९७मध्ये विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळ एल निनो उसळला आणि भारतात पाऊस सरासरीएवढा पडला.

त्याच सुमाराची एक घटना पुण्याशी जोडलेली आहे. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले सांख्यिकी प्रारूप रचले आणि १९८८पासून हवामान खाते त्यावरून भाकीत करू लागले. वर्षामागून वर्षे पाऊस नीट झाला, भाकीतही तसेच होते. २००२च्या जुलैत पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला, हंगामात एकोणीस टक्के तूट पडली, आणि प्रारूपाला ती दिसलीच नाही. मागे वळून पाहता लक्षात येते की या प्रारूपाची सारी कारकीर्द त्या चौदा निर्धोक वर्षांत गेली होती. ज्या परीक्षेसाठी ते हवे होते ती परीक्षा आली तीच मुळी २००२मध्ये. दोष कर्त्यांच्या बुद्धीचा नव्हता. मालिका आखूड असली की असे होते.

मग मालिका लांबवायची कशी? पर्जन्यमापकाच्या आधीचा पाऊस झाडांनी आणि दगडांनी लिहून ठेवला आहे. झाडाच्या खोडातील वर्षाचे वलय कोरड्या साली अरुंद होते. गुहेत थेंबाथेंबाने वाढणाऱ्या चुनखडीच्या स्तंभातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पावसाच्या जोराप्रमाणे बदलते. या नोंदी त्या त्या भागातील मोजलेल्या हवामानाशी ताडायच्या, आणि जुळल्या की त्याच मापाने मागे जायचे. २०१०मध्ये एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी आशियाभरच्या वृक्षवलयांवरून सात शतकांच्या अवर्षणांचा नकाशासंग्रह तयार केला. त्याआधी बस्तरच्या दंडक गुहेतील स्तंभावरून चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मोसमी पाऊस दशकानुदशके दुबळा राहिल्याचे दिसले होते.

महाराष्ट्राच्या इतिहासाला इथे एक धागा जुळतो. १३९६पासून बारा वर्षे दख्खनला पिळून काढणाऱ्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची हकीकत ग्रँट डफ यांच्या ग्रंथात आहे. बारा वर्षे हा आकडा आख्यायिकेचा वाटावा असाच. पण गुहेतला दगड बहमनी काळाची बखर वाचत नाही, आणि त्याची साक्ष त्याच काळाकडे बोट दाखवते. वॉकर यांनी तपासलेली सात दशके या पटावर फारच छोटी दिसतात.

तर मग आज काय? वॉकर यांच्यापुढे हंगामाची बेरीज होती. २००६मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातील रोजचा पाऊस तपासला, १९५१ ते २००० असा पन्नास वर्षांचा. बेरजेत लक्षणीय फरक नव्हता. पण अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. एक वाढ दुसऱ्या घटीला झाकून टाकत होती. एकाच बेरजेखाली दोन निराळे पावसाळे असू शकतात, एक पिकाला जगवणारा आणि दुसरा माती वाहून नेणारा.

तापमानाचा कल तर आता वादातीत आहे: १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने चढले. तिथे गोंगाट कमी, आवाज मोठा. पावसाचे तसे नाही. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मूल्यमापन अहवालात १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे, विशेषतः गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. हवेतील धूलिकण आणि धुराचे कण हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. ते खरे असण्याची शक्यता बरीच आहे. मात्र मोजणीचा आरंभ १९५१चा, म्हणजे अवर्षणे क्वचितच येत त्या युगाच्या ऐन मध्यावरचा. हीच रेघ १९०१पासून ओढली तर तिचा उतार सौम्य होतो, कारण तेव्हा ती १९०१, १९०४ आणि १९०५च्या त्याच कोरड्या पावसाळ्यांपासून सुरू होते, ज्यांनी वॉकर यांना कामाला लावले होते.