दोन सेलांनी ठरवलेलं माप

प्लॅस्टिकचे सैनिक आणि रणगाडे रंगवणाऱ्यांच्या तोंडी 1/35 हा आकडा सारखा येतो. 1/30 नाही, 1/40 नाही, पस्तीसच का?

उत्तर आहे जपानमधल्या शिझुओका शहरात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं किट काढलं. तो मोटरवर चालायचा, म्हणून पोटात दोन सेल मावतील एवढा केला. किट जोरात खपलं. पुढचे रणगाडेही त्याच मापात करावेत म्हणून शुन्साकु तामियांनी पँथर मोजला, तर तो निघाला खऱ्याच्या साधारण पस्तिसावा हिस्सा! 1968 मध्ये याच मापाचे सैनिकही आले. पुढे बऱ्याच किटमधून मोटर गेली, माप मात्र राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी.

या मापात 175 सेंटिमीटरचा माणूस होतो 5 सेंटिमीटरचा. एवढ्याशा गणवेशाच्या चुण्यांत खरी सावली नीट दिसत नाही, ती रंगवावी लागते. खाचांत पातळ गडद रंग सोडायचा, उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका फिरवायचा.

जुनी किटं शोधताना मात्र खोक्यावरचं माप आधी वाचा. 1/32 चा सैनिक जवळपास अर्धा सेंटिमीटर उंच भरतो, आणि शेजारी उभा केला की लगेच खटकतो.