सात जून, रात्री पावणेनऊ

मंगळवार, १ जून २०२१, मध्यरात्र. बाकी १६४ तास ४५ मिनिटे

दिल्लीचं लक्ष्मीबाई नगर म्हणजे आयएनए मार्केट आणि सरोजिनी नगरच्या मधली सरकारी क्वार्टरांची वसाहत. इथल्या नोकरदारांचा कर पगारातूनच कापला जातो. फॉर्म १६ हातात आला की आयकर विभागाच्या साईटवर जायचं, रिटर्न भरायचं आणि मोकळं व्हायचं, हा तेव्हाचा वर्षाचा शिरस्ता. या मध्यरात्री ती साईट बंद झाली. सहा दिवसांसाठी, आणि त्या रूपात कायमचीच.

बंद होणार हे मे महिन्यातच जाहीर झालं होतं. १ ते ६ जून जुनं ई-फायलिंग पोर्टल कुणालाच मिळणार नाही, करदात्यांना नाही आणि बाहेरच्या इतर वापरकर्त्यांनाही नाही. ७ जूनला नवं येईल, नव्या पत्त्यावर. या सहा दिवसांत विभाग कोणतीही मुदत ठेवणार नव्हता आणि सुनावण्या १० जूननंतरच्याच लावायच्या होत्या. ही काळजी योग्य होती, तिचं श्रेय द्यायला हवं.

या कामाची मुळं १६ जानेवारी २०१९ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयात आहेत. खर्च ४,२४१.९७ कोटी रुपये. काम इन्फोसिसकडे. रिटर्न तपासून निकाली काढायला लागणारा सरासरी ६३ दिवसांचा काळ एका दिवसावर आणायचा, हे उद्दिष्ट. उद्दिष्टाबद्दल तक्रार करण्यासारखं काहीच नाही. परताव्याची वाट पाहणाऱ्या माणसाला ६३ दिवस फार असतात.

बुधवार, २ जून, सकाळी दहा. बाकी १३० तास ४५ मिनिटे

एका यंत्रणेतला डेटाबेस दुसऱ्या यंत्रणेत नेणं म्हणजे फाईल कॉपी करणं, असं बाहेरून वाटतं. आतून ते भाषांतरासारखं नाजूक काम आहे. जुन्या तक्त्यातला प्रत्येक रकाना नव्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात जाणार, हे माणसांनी बसून ठरवावं लागतं. जुन्या यंत्रणेत तारीख एका पद्धतीने लिहिलेली असते, नवी वेगळी मागते. एकीकडे रिकामा रकाना चालतो, दुसरीकडे तोच नोंद अडवतो. नावातलं एखादं अक्षर जुन्या संगणकाच्या लिपिसंचात असतं, नव्यात त्याचं प्रश्नचिन्ह होतं. शिवाय तक्त्यांबरोबर त्यांच्यावर चालणारे नियम, आपोआप होणारी गणितं, परवानग्या, पासवर्ड पडताळण्याची रीत, हे सगळं हलवायचं असतं. रकाने हलतात. नियम पुन्हा लिहावे लागतात.

या कामात सगळ्यात फसवा क्षण येतो तो मोजणी जुळल्यावर. इकडे इतक्या नोंदी, तिकडेही तितक्याच, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला जातो. पण नोंद पोहोचणं वेगळं आणि ज्या माणसाची ती नोंद आहे त्याला ती उघडता येणं वेगळं. आधीच्याच वर्षासाठी १० जानेवारी २०२१ पर्यंत ५ कोटी ९५ लाख रिटर्न भरली गेली होती. त्यामागे पूर्वीच्या वर्षांची रिटर्न, नोटिसा, उत्तरं, अपिलं, जोडलेली कागदपत्रं. इतक्या माणसांनी एकदम दार उघडलं तर काय होईल, हे मोजणीतून कळत नाही.

गुरुवार, ३ जून, दुपारी बारा. बाकी १०४ तास ४५ मिनिटे

विभागाच्या मुदती थांबल्या होत्या, लोकांच्या अडचणी थांबल्या नव्हत्या. परदेशी पैसे पाठवायचे तर अनेक व्यवहारांना तेव्हा फॉर्म १५सीए लागायचा आणि तो याच साईटवर भरायचा असायचा. तो नसेल तर बँक पैसे पाठवत नसे.

आणि तो महिना कुठला होता हे विसरता येत नाही. दिल्लीने नुकतीच करोनाची दुसरी लाट सोसली होती. माणूस गेला तरी त्याचं रिटर्न भरावं लागतं, आणि त्यासाठी वारसाला पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. त्या जूनमध्ये ही वेळ आलेली घरं देशभर होती. त्यांच्यासाठी ही साईट म्हणजे सरकारशी बोलण्याची एकमेव खिडकी, आणि ती लावलेली.

शनिवार, ५ जून. बाकी दोन दिवस

विभागाचं पत्रक आलं. सोमवारी नवं पोर्टल. त्याच पत्रकात एक वाक्य आहे, ज्यापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. कर भरण्याची नवी व्यवस्था मात्र १८ जूनला सुरू होईल, आगाऊ कराच्या हप्त्याची तारीख उलटून गेल्यावर, म्हणजे करदात्यांची गैरसोय होणार नाही. मोबाईल अ‍ॅपही नंतरच.

म्हणजे धोका कळला होता. सरकारी तिजोरीत पैसे येण्याचा मार्ग गर्दीच्या दिवशी नव्या यंत्रणेवर टाकायचा नाही, इतकं शहाणपण होतं. हीच सावधगिरी बाकीच्या कामांना का लावली नाही? जुनं पोर्टल आणखी तीन महिने चालू ठेवून एकेक काम नव्याकडे नेता आलं असतं. पगारदारांचं रिटर्न भरायची मुदत २० मेलाच ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. वेळ हाताशी होता. सरकारी क्वार्टर बदलणारा माणूससुद्धा नव्या घरात नळाला पाणी येतं का हे पाहिल्याशिवाय जुन्याची किल्ली परत करत नाही.

हा धडा तीन वर्षं आधी ब्रिटनमध्ये मिळालेला होता. २० एप्रिल २०१८ च्या शुक्रवारी संध्याकाळी टीएसबी बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती लॉइड्स बँकेच्या जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत न्यायला घेतली. बहुतेक सगळं एकाच शनिवार-रविवारात. रविवारी संध्याकाळी सेवा उघडली आणि कोसळली. १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना. नंतर तिथल्या नियामकांनी चौकशी करून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. त्यांनी नोंदवलेली गोष्ट इथे महत्त्वाची आहे: डेटा व्यवस्थित पोहोचला होता. कोसळली ती यंत्रणा, ज्या दिवशी खरी माणसं तिच्यावर आली त्या दिवशी. बँकेने नेमलेल्या चौकशीत असंही निघालं की भार पेलण्याची चाचणी दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर झाली होती.

सोमवार, ७ जून, पहाटे पाच. बाकी १५ तास ४५ मिनिटे

दिल्लीची टाळेबंदी सैल झाली. मेट्रो निम्म्या प्रवाशांसह सुरू. दहा वाजल्यापासून बाजारातली दुकानं सम-विषम पद्धतीने उघडणार होती. विभागाच्या पत्रकात तारीख होती, तास नव्हता. सीए आणि कर सल्लागारांचा सहा दिवसांचा तुंबलेला कामाचा ढीग समोर होता.

संध्याकाळी पाच. बाकी पावणेचार तास

पंतप्रधानांचं भाषण. २१ जूनपासून राज्यांना लस केंद्र मोफत देणार, गरिबांचं मोफत धान्य दिवाळीपर्यंत चालू राहणार. देशाचं लक्ष तिकडे.

रात्री ८:४५. शून्य

नवं पोर्टल उघडलं.

पानं हळू. लॉगिन अडकतं. ओटीपी येत नाही. आधी भरलेली रिटर्न शोधावी तर सापडत नाहीत. काही कामांची बटणं आहेत, पण ती अजून चालत नाहीत. डिजिटल सही नव्याने नोंदवायची होती, कारण जुन्या पोर्टलवरची नोंदणी इकडे आणलेली नव्हती. आपल्याला ओळखणारी यंत्रणा एका रात्रीत आपल्याला अनोळखी झाली, हा अनुभव नुसत्या मंद साईटपेक्षा वेगळा आहे. वयस्क पेन्शनरांना तो अधिक जाचला असणार.

आणि परतीची वाट नव्हती. जुना पत्ता बंद. असं स्थलांतर करताना रोलबॅकची, म्हणजे ठरलेल्या तासापर्यंत नवं चाललं नाही तर जुन्यावर परत जाण्याची योजना हा कामाचा पहिला कागद असतो. इथे जुनी साईट परत आली नाही.

मंगळवार, ८ जून

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विटरवर लिहिलं की पोर्टल काल रात्री २०:४५ ला सुरू झालं आणि तक्रारींचा ओघ दिसतो आहे; इन्फोसिस आणि तिचे अध्यक्ष नंदन निलेकणी करदात्यांना निराश करणार नाहीत अशी आशा आहे. निलेकणींनी अडचणी मान्य केल्या, खेद व्यक्त केला. आठवड्याभरात यंत्रणा स्थिरावेल, अशी अपेक्षा त्यांनी सांगितली.

आठवडा संपला तेव्हा, १४ जूनला, फॉर्म १५सीए आणि त्याच्या जोडीचा १५सीबी हाताने भरून बँकेत देण्याची मुभा द्यावी लागली. २२ जूनला अर्थमंत्र्यांनी कंपनीबरोबर बैठक घेतली. सातशे ईमेलमधून आलेल्या दोन हजारांवर तक्रारींत नव्वद वेगवेगळे दोष निघाले, असं सरकारने नंतर संसदेत सांगितलं. ३१ जुलैनंतर रिटर्न भरणाऱ्या काहींकडून पोर्टलने व्याज आणि विलंब शुल्क घेतलं, मुदत सप्टेंबरपर्यंत वाढलेली असताना. मुदतवाढीचा आदेश निघाला होता, गणितातली तारीख बदलली नव्हती. जास्तीचे पैसे परत करू, असं ११ ऑगस्टला विभागाने जाहीर केलं.

२१ ऑगस्टला पोर्टल पूर्ण बंद पडलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. २३ ऑगस्टला इन्फोसिसचे प्रमुख सलील पारेख यांना अर्थमंत्र्यांनी बोलावून घेतलं. साडेसातशेहून अधिक माणसं या कामावर आहेत, असं पारेख यांनी सांगितलं. दोष दूर करायला १५ सप्टेंबरची तारीख ठरली. रिटर्नची मुदत आणखी वाढून ३१ डिसेंबर झाली. त्या तारखेपर्यंत सुमारे ५ कोटी ८९ लाख रिटर्न या पोर्टलवर भरली गेली, त्यातली ४६ लाख ११ हजारांहून अधिक एकट्या शेवटच्या दिवशी. इतका भार ते पेलू शकत होतं, पण त्याला सात महिने लागले, आणि ते महिने करदात्यांच्या खात्यातून गेले.