सुण्याचो वांटो: पेडणे-डिचोलीतली पारध आणि कुत्र्याचं शिक्षण

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर भाच्यानं म्हापशाहून लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. आठ आठवड्यांचं, काळंभोर, पोट जमिनीला टेकलेलं. भाच्याच्या डोक्यात एकच, की याला नुसता घरचा कुत्रा करायचा नाही, 'कामाचा' करायचा. म्हणजे विलायतेत बंदुकीनं पाडलेलं पाखरू तोंडात धरून आणणारे कुत्रे असतात, तसा. शिकार अर्थातच करायची नव्हती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि १९९१ च्या दुरुस्तीनं ती दारं बंद केली आहेत. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणंच नव्हे, तर जनावराला हाकणं आणि त्याच्यामागे कुत्रे सोडणंही बसतं. तेव्हा पाखराच्या जागी चिंध्या भरलेला मोजा, एवढाच बेत.

शेजारचे काका ऐंशी ओलांडलेले. ते रोज संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसतात. भाचा मोजा फेकतोय, पिल्लू धावत जाऊन आणतंय, हे त्यांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कितें शिकयता रे तूं ताका? आमचें सुणें हाडिनाशिल्लें. धरतालें." आमचा कुत्रा आणत नसे, धरत असे.

हे टिपण त्या एका वाक्यातून निघालं. (सुणो, सुणें हा आपल्याकडचा रोजचा शब्द संस्कृतातल्या 'श्वन्'कडून आलेला. जुन्या मराठीतही 'सुणें' होतंच, पुढे घाटावर 'कुत्रं' उरलं.)

आधी आणणाऱ्या कुत्र्याचं बघू. रिट्रीव्हर ही जात फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंड-स्कॉटलंडात मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या. बार भराभर काढता येऊ लागले आणि एका सकाळी पडणाऱ्या पाखरांची संख्या वाढली. ती झुडपात, पाण्यात, चिखलात पडत. ती शोधून न चावता मालकाच्या हातात आणून देणारा कुत्रा जमीनदारांना हवा होता. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे पाणकुत्रे. गोल्डन रिट्रीव्हरची सुरुवात १८६८ मध्ये लॉर्ड ट्वीडमाऊथ यांच्या स्कॉटलंडमधल्या गिसाकन इस्टेटीवर झाली. इंग्लंडच्या केनेल क्लबनं लॅब्राडोरला वेगळी जात म्हणून मान्यता दिली ती १९०३ मध्ये. म्हणजे या कुत्र्याचा सगळा इतिहास बंदूक, मोठी इस्टेट आणि पगारी राखणदार यांच्याभोवती फिरतो.

त्याचं शिक्षणही त्याच शिस्तीतलं. भाच्यामुळे ते मला जवळून बघायला मिळालं. पहिले काही आठवडे फक्त नाव आणि परत येणं. मोजा फेकायचा तो अरुंद बोळात, म्हणजे पिल्लाला दुसरीकडे पळायला वाट राहत नाही. ते मोजा घेऊन आलं की झडप घालून ओढायचा नाही. आपणच पाठ फिरवून दोन पावलं चालायचं, मग ते आपसूक मागे येतं. ओढाओढीचा खेळ तर कधीच नाही. त्यानं तोंड कडक होतं आणि पुढे पाखरू चिरडतं. दिवसाला तीन-चार फेऱ्या पुरे, कंटाळा यायच्या आत थांबायचं. चार-पाच महिन्यांचं झालं की दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात. त्या दिवसांत आणायला लावलं तर तोंडात काही धरणं म्हणजे दुखणं, असं डोक्यात बसतं. आमच्या पिल्लाच्या मोज्यावर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा भाच्यानं महिनाभर सगळं बंद ठेवलं.

बंदुकीच्या आवाजाची सवय हे वेगळंच प्रकरण. बंदूक नाही, पण चवथ होतीच. फटाक्यांना बुजलेला कुत्रा आयुष्यभर बुजका राहू शकतो. म्हणून भाच्यानं आधी महिनाभर पिल्लू जेवत असताना दूर स्वयंपाकघरात ताट आपटायला सुरुवात केली, मग रोज थोडं जवळ. चवथीला ते कॉटखाली गेलं खरं, पण वाडगं वाजताच बाहेर आलं.

सहा महिन्यांनंतर खरी शाळा. बस म्हटलं की बसायचं, आणि मोजा डोळ्यांसमोर पडला तरी सांगितल्याशिवाय हलायचं नाही. सगळ्यात अवघड हेच. शिट्टीची भाषाही ठरलेली. एक लांब शिट्टी म्हणजे थांब आणि माझ्याकडे बघ, तुटक तुटक शिट्ट्या म्हणजे परत ये. पाण्याची ओळख उथळ, कोमट पाण्यात, स्वतः आधी उतरून. ढकलायचं नाही. घरामागच्या तळीत आम्ही नारळाचं सोडण टाकत होतो. ते तरंगतं आणि तोंडाला फार टोचत नाही. असा कुत्रा पुरता तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं.

आता काकांचं सुणें.

चापोरा नदीच्या वरच्या अंगाला पेडण्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल आणि डिचोलीतली साळ, मेणकुरे ही गावं एकमेकांना लागून आहेत. काकांचं तरुणपण, म्हणजे १९६१ च्या आधीची आणि नंतरची काही वर्षं, याच पट्ट्यात गेलं. पारध ही गावची असे, एकट्यादुकट्याची नव्हे. देवाकडे गाऱ्हाणं घालून निघायचं. काही जण ठासणीच्या बंदुका घेऊन वाटा धरून बसायचे, बाकीच्यांनी हाकारे घालत रान उठवायचं. बंदुका थोड्या, त्याही बहुतेक शेताच्या राखणीच्या. मुख्य सावज रानडुक्कर, मग भेकर, साळिंदर. कुत्र्याचं काम वास काढायचं, जनावर उठवायचं, आणि डुक्कर झुडपात अडून बसला की त्याच्याभोवती भुंकत त्याला तिथेच खिळवून ठेवायचं. बंदूकवाला पोचेपर्यंत.

"शिकवायचे कसे?" मी विचारलं. काका हसले. शिकवत नसत. पिल्लू म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर जात असे, एवढंच. पहिल्या वर्षी ते मागे मागे राही, माकडावर भुंके, सशामागे पळे, शिव्या खाई. सावज पडलं की आतड्याचा तुकडा त्यालाही मिळे. दुसऱ्या वर्षी जे म्हाताऱ्याबरोबर गप्प राहायला शिकलं ते पारधीचं, जे नाही ते घराची राखण करी. हुकूम असा एकच. पारध संपली की विशिष्ट हाळी, आणि त्या हाळीवर परत यायचं. शिट्टी नाही, दोरी नाही. एका कुत्र्याची विद्या दुसऱ्या कुत्र्याकडे गेली, माणूस फक्त निवड करत होता.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अशी विद्या लिहून ठेवता येत नाही, आणि एक पिढी खंडली की संपते. पारध थांबली तेव्हा म्हातारे कुत्रे होते, पण त्यांच्यामागून जाणारी पिल्लं नव्हती. आज पेडण्यात कोणी ठरवलं तरी तसा कुत्रा घडवू शकणार नाही. घडवावा असंही मी म्हणत नाही. डुकराच्या सुळ्यानं पोट फाडलेली कुत्री काकांनी हळद भरून, सुई-दोऱ्यानं शिवली आहेत. त्यातली निम्मी वाचली नाहीत, असं तेच सांगतात.

राजांच्या कुत्र्यांचं मात्र लिहिलं गेलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मृगया आहे आणि कुत्र्यांवर वेगळं प्रकरणही आहे. हा सोमेश्वर आपल्याला परका नाही. गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याची राणी मैलळदेवी ही सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य याची मुलगी. त्याआधीचा, साधारण इसवी सन ९५० चा, कर्नाटकातला आतकूरचा शिलालेख प्रसिद्धच आहे. गंग राजा बुतुग यानं आपल्या मणलेर नावाच्या वीराला काळी नावाचा कुत्रा दिला. तो एका मोठ्या डुकरावर सोडला गेला आणि दोघेही झुंजीत मेले. कुत्र्यासाठी दगड उभारला, जमीन दिली, आणि देवळाच्या पुजाऱ्यानं त्या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये असं लिहून ठेवलं. हा दगड आज बेंगळुरूच्या संग्रहालयात आहे. वर कुत्रा आणि डुक्कर समोरासमोर भिडलेले कोरले आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी कथा आहे.

गावच्या कुत्र्याला दगड मिळाला नाही. पण त्याला वाटा होता. काकांनी बोटांवर मोजून सांगितलं. देवाचं आधी, बार लागलेल्याचा मानाचा वाटा, मग हाकाऱ्यांचे सारखे वाटे, आणि ज्यांची कुत्री पारधीत होती त्यांना कुत्र्यागणिक वेगळा. "ताका वांटो आशिल्लो." कुत्रा जखमी होऊन घरी बसला असेल तरी त्या दिवशीचा वाटा घरी पोचता होई. यावरून भांडणंही होत. कोणाचा कुत्रा आधी भुंकला यावर दोन घरं वर्षभर बोलत नव्हती म्हणे.

इथपर्यंत मी मजेत लिहून घेत होतो. मग सहज विचारलं, पाखरांचं काय? खाजनात, वायंगणाच्या शेतात हिवाळ्यात अडया, पाणलावे उतरायचे. मायेच्या तळ्याकडे आणि खालच्या अंगाला तेरेखोल-चापोऱ्याच्या खाजनांत भाटकार मंडळी, कधी अंमलदार, काडतुसाची बंदूक घेऊन यायचे, हे मी लहानपणी ऐकलं होतं. चिखलात पडलेलं बदक आणायला त्यांच्याकडे भाच्याच्या कुत्र्यासारखा कुत्रा असे का?

"कित्याक?" काका म्हणाले. "पाखरां हाडूंक पोरां आशिल्लीं."

मी लेखणी खाली ठेवली. कारण हे मला माहीत होतं, फक्त मी ते कधी असं पाहिलं नव्हतं. माझे आजोबा १९३० च्या दशकात दहा-बारा वर्षांचे होते. त्यांच्या उजव्या तळपायाला टाचेपासून आडवा गेलेला पांढरा व्रण होता. आम्ही नातवंडं विचारायचो तेव्हा ते सांगत, खाजनात कालवाच्या शिंपेनं कापलं. खाजनात कशाला गेला होता? "बदक हाडूंक." आम्हाला वाटे, आजोबा शिकारी होते! ते शिकारी नव्हते. ज्या भाटकाराच्या जमिनीवर त्यांचं घर होतं, त्याच्या बंदुकीपुढे पडलेलं पाखरू छातीभर चिखलातून आणायचं काम त्यांचं होतं. बार उडाला की बांधावरून उडी मारायची. त्याबद्दल कधी एखादं पाखरू मिळे, बहुतेकदा काही नाही. नेम ठरलेला नव्हता.

इंग्लंडमध्ये ज्या कामासाठी पिढ्या निवडून एक जात घडवली, ते काम आमच्याकडे मुंडकाराच्या पोरानं केलं. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलं ते १९६१ पर्यंत, १७३ वर्षं. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर तर कोळ्यांचे पोहणारे कुत्रे पिढ्यान् पिढ्या जाळी आणि सुटलेली दोरं पाण्यातून काढत आले आहेत. आपल्या खाजनात तसा कुत्रा होता, असं मला तरी कोणी सांगितलेलं नाही. कुत्र्याला दीड वर्ष शिकवावं लागतं, खायला घालावं लागतं. पोराला बांधावरून नुसती हाक पुरे.

पारधीत सुण्याला वाटा होता आणि खाजनात आजोबांना नव्हता, हे लिहिताना मला अजून थोडं अवघड वाटतं. पारध ही गावची होती, हिशोब सगळ्यांसमोर होई. बदकांची शिकार एकाच माणसाची, तिथं हिशोब त्याच्या मनाचा. फरक एवढाच असावा.

जाता जाता एक. लॅब्राडोरचं ते नाक आता उलट्या कामालाही लागलं आहे. ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २००८ पासून चोरट्या शिकारीचा माल, कातडी, हाडं हुडकणारी श्वानपथकं तयार करायला घेतली, त्यात हे कुत्रेही आहेत. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमकांच धरपाक!"

दुसऱ्या दिवशी काका स्वतःहून आले आणि त्यांच्या वेळच्या पारधीतल्या कुत्र्यांची नावं सांगत बसले. मी वहीत उतरवून घेतली, एकूण सतरा. कोण कोणाच्या घरचा, कोण कोणाच्या मागून शिकला, कोणाला कुठल्या रानात डुकरानं मारलं, सगळं त्यांना पाठ. मग मी विचारलं, खाजनात पाखरं आणायला जाणारी पोरं कोण कोण होती? ते बराच वेळ आठवत राहिले. माझ्या आजोबांचं धरून तीन नावं निघाली.

पेडणे, डिचोली किंवा पलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात कोणाच्या घरी अशी आठवण असेल, कुत्र्याची किंवा पोराची, तर मंडळाकडे जरूर कळवावी. वहीची पुढची पानं कोरी आहेत.