आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस : धर्मसत्ता आणि लोकभाषा

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दख्खनचा इतिहास शिकविताना आपले लक्ष प्रामुख्याने विजापूर व अहमदनगर या दरबारांकडे असते. सोलापूरचा किल्ला याच दोन सत्तांमधील कलहाचा विषय असल्याने आपल्या भागात ते स्वाभाविकही आहे. परंतु इ.स. १५९५ मध्ये, ज्या वर्षी मोगल सैन्य अहमदनगरवर चालून आले त्याच वर्षी, गोव्यात आलेइशो द मेनेझिस हा नवा आर्चबिशप दाखल झाला. प्रस्तुत लेखात त्याच्या कारकिर्दीचा, विशेषतः त्याच्या भाषाविषयक धोरणाचा विचार केला आहे.

मेनेझिसचा जन्म १५५९ मध्ये लिस्बन येथे उमराव घराण्यात झाला. तरुणपणीच त्याने ऑगस्टिनियन संघाची दीक्षा घेतली. गोव्यातील त्याच्या वास्तव्याच्या खुणा आजही जुने गोवे येथे दिसतात. बॉम जेझूस चर्चचे अभिषेककार्य त्याने १६०५ मध्ये केले, तर सांता मोनिका या जोगिणींच्या मठाची उभारणी १६०६ मध्ये त्याच्याच पुढाकाराने सुरू झाली.

तथापि, त्याचे नाव इतिहासात राहिले ते केरळमुळे. तेथील सेंट थॉमस ख्रिस्ती समाज सिरियाक भाषेत उपासना करीत असे आणि त्याचे बिशप पूर्वेकडील सिरियाक चर्चमधून येत. १५९७ मध्ये मार अब्राहम या बिशपचे निधन झाले. ही संधी साधून मेनेझिस स्वतः केरळात गेला व २० ते २६ जून १५९९ या काळात उदयंपेरूर येथे त्याने धर्मसभा भरविली. १५३ धर्मगुरू व ६६० गृहस्थ प्रतिनिधी या सभेस उपस्थित असल्याचे सांगितले जाते. पूर्वेकडील धर्मप्रमुखाशी असलेले नाते तोडण्यात आले, धर्मगुरूंच्या विवाहास बंदी झाली आणि सिरियाक ग्रंथ 'शुद्ध' करावेत वा जाळावेत असे ठरले. या मोहिमेचा प्रमुख वृत्तान्त आंतोनियो द गौव्हेया या ऑगस्टिनियन साधूने लिहिला असून तो १६०६ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक आर्चबिशपच्याच संघातील असल्याने त्यातील विजयाचा सूर अभ्यासकाने जपूनच वाचावयास हवा.

येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. सिरियाक ग्रंथांची होळी करणाऱ्या या सभेचे ठराव जनतेसमोर मलयाळममध्येच मांडले गेले. पुढे १६०६ मध्ये मेनेझिसच्या अध्यक्षतेखाली गोव्यात पाचवी प्रांतिक परिषद भरली. गावोगावच्या चर्चवर नेमल्या जाणाऱ्या धर्मगुरूस तेथील लोकभाषा आलीच पाहिजे, असा आग्रह तिने धरला. या दोन भूमिका परस्परविरोधी भासतात. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या एकाच धोरणाच्या दोन बाजू वाटतात. जळाली ती स्वतंत्र धर्मपरंपरेचा आधार असलेली ग्रंथभाषा. स्वीकारली ती उपदेशाचे वाहन होऊ शकणारी बोली. लोकभाषेला स्थान मिळाले ते शिकविणाऱ्याच्या सोयीसाठी.

१६०७ ते १६०९ या काळात मेनेझिसने पोर्तुगीज हिंदुस्थानचे गव्हर्नरपदही सांभाळले. धर्मदंड व राजदंड एकाच हाती असण्याचा हा काळ स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १६१२ मध्ये त्याची ब्रागा येथे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली. १६१७ मध्ये माद्रिद येथे तो मरण पावला.

त्याच्या दोन्ही निर्णयांना पुढे अनपेक्षित फळे आली. केरळातील असंतोष ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टानचेरी येथील कूनन क्रूसाच्या शपथेत प्रकट झाला आणि तो समाज दुभंगला. इकडे सासष्टीत राहणाऱ्या थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. धर्मोपदेशासाठी हाती घेतलेल्या भाषेवर हा इंग्रज जेझुइट मनापासून लुब्ध झाला होता; आर्चबिशपच्या हिशेबात हे खचितच नव्हते. सोय संपताच धोरणही पालटले. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडण्यास आणि पोर्तुगीज बोलण्यास तेथील लोकांना तीन वर्षांची मुदत दिली.